ताईकडचं पथ्य

"या दिवाळीत माझं वजन एक ग्रॅम जरी वाढलं ना, तर ही मिशी काढून तुमच्या टेबलावर ठेवीन," मी भर स्टाफरूममध्ये सांगितलं.

सहामाहीचे पेपर तपासून झाले होते. शाळेला सुट्टी लागायची होती. चित्रकलेचे कुंभोजकर सर चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान वर केली, आधी माझ्या मिशीकडे बघितलं, मग पोटाकडे.

"शेवाळे सर, मिशीचा काय दोष? ती बिचारी काही खात नाही."

"लिहून ठेवा."

"लिहून कशाला, चित्रच काढून ठेवतो. बिनमिशीचं."

सगळे हसले. मीही हसलो. मला खात्री होती. विट्याच्या त्या शाळेत मी पी.टी. शिकवायचो, आणि मी 'दक्ष' म्हणालो की सगळ्यात शेवटी माझं पोट दक्ष होतं, असं मुलं म्हणायची. पण गणपतीपासून मी रोज पहाटे तासगाव रस्त्याला चालत होतो. भात सोडला होता, साखर सोडली होती, आणि पँट कमरेवर राहायला तयार नव्हती. चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदाच स्वतःच्या पायाची बोटं उभ्या उभ्या बघत होतो.

कारण साधं होतं. माझ्या लिव्हरचा तुकडा माझ्या बहिणीला द्यायचा होता.

शालनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तिचं घर, आणि घराला लागून दाजींची पिठाची गिरणी. दळण टाकायला आलेली बाई ताईच्या हातचं काहीतरी खाल्ल्याशिवाय परत गेली, असं कधी झालं नाही. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा तिच्याकडे जेवायच्या वेळेला यायचा आणि मीटर न बघता जायचा. अशा बाईचं लिव्हर गेलं. तिच्या शरीरानंच त्याच्याशी वैर धरलंय, असं पुण्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. विट्यात मात्र 'लिव्हर' म्हटलं की लोक आवाज खाली आणून एकच विचारायचे, "घ्यायच्या का?" ताईनं आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं होतं. पण लोकांनी आपलं ठरवून टाकलं आणि दाजींकडे सहानुभूतीनं बघायला लागले.

तिला मूलबाळ नाही. दाजी डायबेटिसमुळे बाद. राहिलो मी. रक्तगट जुळला. सगळं जुळलं. फक्त माझ्या लिव्हरवर चरबी निघाली.

"ही उतरली पाहिजे," डॉक्टर म्हणाले होते. "असं लिव्हर मी घेऊ शकत नाही. तुमचं चांगलं चाललंय. आता तेवढी दिवाळी सांभाळा. भाऊबीज झाली की या, परत स्कॅन करू."

"आणि नाही उतरली तर?"

डॉक्टरांनी ताई बाहेर बाकावर बसली आहे ना, ते बघितलं. "संक्रांतीच्या पलीकडचं मी त्यांच्याबद्दल काही सांगू शकत नाही," ते म्हणाले.

तेव्हा एवढंच होतं. चकली खायची नाही.

घरी आलो तर आमच्या मालानं चकल्यांचा घाणा घातलेला. माला म्हणजे माझी बायको. स्वभावानं गरीब, पण चकलीच्या बाबतीत तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि तो मी स्वतःच वर्षानुवर्षं घालवलेला होता. तिनं डबे कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

"अगं, माझ्या सख्ख्या बहिणीचा प्रश्न आहे. मी खाईन का?"

"मागच्या वर्षी काकांच्या सुतकात शेव खाल्लीत तुम्ही. न्हाणीघरात बसून."

मी पाय धुवायला गेलो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गॅसवर काहीतरी ढवळत होती. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं पाण्यानं वर आलेलं.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "मी काय म्हणते रघू, तुझ्या घरी तळण चालू असणार. वास नुसता नाकात गेला तरी तुझं वजन वाढतं. सुट्टी आहे तर दोन्ही वेळ माझ्याकडे जेवायला ये. मला यंदा फराळ करायचा नाही. मला पथ्याचं लागतंच, त्यात तुझं करीन."

"तुला झेपेल का?"

"भाकरी थापायला काय कुस्ती खेळायची असते?"

मला हे फार पटलं. मालालाही पटलं. दाजींना तर भरूनच आलं. "आजारी माणूस तुझं पथ्य सांभाळतंय," ते मला म्हणाले, "जरा तरी लाज बाळग."

दुसऱ्या दिवसापासून मी ताईकडे जेवायला लागलो. तिच्या ताटात बिनमिठाचा उकडलेला दुधी आणि मूठभर भात. माझ्या ताटात भाकरी, दुधी, मुगाची आमटी. आणि जेवणाआधी पितळेचा मोठा पेला भरून नाचणीचं सत्त्व. तिच्या माहितीतल्या कुणा वैद्यांनी त्यात घालायला पुडी दिली होती. त्यानं आतली चरबी झडते, म्हणाली.

"ताई, हे लागतं छान."

"औषध आहे. एका दमात पी."

"आणि हा दुधी असा कसा झालाय?"

"भूक लागली की सगळं गोड लागतं बाबा. आजवर तुला भूक लागली कधी?"

हे खरं होतं. आजवर मी भूक लागायच्या आधीच जेवत आलो होतो. पथ्याचं जेवण इतकं चवदार असतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी जन्मभर पथ्यच केलं असतं. भाकरी अशी मऊ की तोंडात घातली की विरघळायची. ताई समोर बसून बघत राहायची. माझा पेला रिकामा झाला की तिच्या तोंडावर जे समाधान यायचं, ते मला वाटायचं, माझी चरबी झडताना बघून येतंय. दाजी दिवाळीच्या गर्दीत दिवसभर गिरणीत. त्यांचं जेवण डब्यातून तिकडेच जायचं. आम्ही दोघंच असायचो. लहानपणी आई शेतात गेली की ती मला अशीच जेवायला घालायची.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी वजन करायचं ठरलं होतं. पुण्याच्या आहारतज्ज्ञ मॅडमना काट्याचा फोटो पाठवायचा होता. गावात वजनकाटे बरेच, पण माझा विश्वास दाजींच्या गिरणीतल्या लोखंडी काट्यावर. पोती मोजायचा तो काटा, खोटं बोलायचा नाही.

गिरणीत भाजणीच्या डब्यांची रांग लागलेली. आणि रांगेत, बायकोचा डबा घेऊन, कुंभोजकर सर.

"गहू उतरवा, सरांना चढवा," दाजी ओरडले. गिरणी चालू असली की ते एरवीचं बोलणंही ओरडूनच बोलायचे.

मी चपला काढून काट्यावर उभा राहिलो. बायका कौतुकानं बघत होत्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं, हा भाऊ बहिणीसाठी उपाशी राहतोय. दाजींनी दांडीवरचं वजन सरकवलं. परत सरकवलं. कपाळावरचं पीठ पुसलं आणि आणखी सरकवलं.

"खिशात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"रुमाल."

"तो काढ."

रुमाल काढला. काही उपयोग झाला नाही. मागच्या खेपेपेक्षा मी दीड किलोनं जास्त होतो. दाजींनी ते गिरणीच्या आवाजावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग त्यांनीच गिरणी बंद केली. अचानक शांत झालं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बहिणीच्या जिवावर उठून खातोय मेला." दुसरी म्हणाली, "पुरुषांना कुठं धीर असतो."

"मी खाल्लं नाही," मी म्हणालो.

 कुंभोजकर सर माझ्याकडे न बघता भाजणीकडे बघत होते. मिशीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच दुपारी मी न्हाव्याकडे गेलो.

बिनमिशीचा मी दारात उभा राहिलो तेव्हा आमच्या केतकीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, "बाबा घरी नाहीत," असं सांगून दार लावून घेतलं. माला हसली नाही. तिनं कपाटाचं कुलूप ओढून बघितलं, डबे काढून चकल्या मोजल्या. भरल्या.

"मग बाहेर कुठं खाता?"

"कुठंच नाही. देवाशप्पथ."

"देवाला कशाला मध्ये घालता? ताई तिकडं भाकरी थापतात तुमच्यासाठी, आणि तुम्ही..." तिनं कपाटाला परत कुलूप घातलं.

मी आयुष्यात बऱ्याच वेळा चोरून खाल्लं होतं आणि बऱ्याच वेळा सुटलो होतो. त्या दिवाळीत मी निर्दोष होतो आणि साऱ्या गावानं मला गुन्हेगार ठरवलं होतं. बाहेरून आलो की केतकी माझ्या तोंडाचा वास घ्यायची. शेजारणी फराळाचं ताट आणायच्या, आणि मी दारात दिसलो की ताट पदराखाली घ्यायच्या. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं. घरात सगळे फराळाला बसले आणि मला अंगणात बसायला सांगितलं. अंगाला उटण्याचा वास, समोर पणत्या, आत कुडकुड चकल्या मोडल्याचा आवाज. बसलो मी. पहाटेचं चालणं वाढवलं. संध्याकाळीही चालायला लागलो. आणि जास्त चालल्यानं भूक जास्त लागायची, म्हणून ताईकडे सत्त्वाचे दोन-दोन पेले घ्यायचो.

ताईला मी सगळं सांगितलं. मिशीसकट. माझं तोंड बघून ती इतकी हसली की तिला धाप लागली.

"वजन का वाढतंय कळत नाही गं."

"काढेल की देव काहीतरी मार्ग," ती म्हणाली आणि पेला पुढं केला. "नाही उतरली चरबी तर नाही. त्याला आपण काय करणार?"

"असं कसं? तुझं काय मग?"

"माझं काय! पी. निवतंय."

पाडव्याला दाजींनी गिरणीची पूजा केली, जात्याला हार घातला आणि कधी नव्हे ते दुपारी घरी जेवायला आले. मी आणि माला पाडव्याचं भेटायला म्हणून तिथेच गेलो होतो. ताई आत जरा पडली होती. दाजी स्वतःच वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेले. पुरण होतं, पण ते त्यांना चालत नव्हतं.

"हे रघूचं पथ्याचं आहे ना?" त्यांनी आतून विचारलं. "मग मला चालेल." आणि पातेल्यातलं सत्त्व त्यांनी सगळं प्यायलं. वर माझ्या वाटच्या भाकरी खाल्ल्या. "शालन तुझे लाड करते लेका," तोंड पुसत ते मला म्हणाले. "पथ्याचं असं मिळत असेल तर मी पण लिव्हर देतो."

थोड्या वेळानं त्यांना तहान लागली. तांब्याभर पाणी प्यायले. परत लागली. मग डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले आणि जात्याला घालून उरलेला हार हातात घेऊन तसेच ओट्यावर बसले. मी त्यांना स्कूटरवर घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. बोट टोचून साखर बघितली. डॉक्टरांना वाटलं, मशीन बिघडलं. दुसऱ्या मशीनवर बघितली.

"काय खाल्लंत?"

"पथ्याचं," दाजी म्हणाले.

"दिवाळीत सगळे पेशंट हेच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि इंजेक्शन भरलं.

दाजींना घेऊन परत आलो तर माला अंगणात तुळशीपाशी उभी होती. हातात ते रिकामं पातेलं. कडेला राहिलेलं तिनं बोटानं पुसून घेतलं होतं, आणि ते बोट तिनं अजून तसंच समोर धरलं होतं.

"हे तुम्ही रोज पिता?"

"दोन्ही वेळ. का?"

"केतकीच्या वेळी ताईंनी माझं बाळंतपण केलं. तेव्हा सव्वा महिना मला हेच पाजलं होतं." ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "आळीव आहे. डिंक आहे. खारीक, गूळ, सायीचं दूध. आणि साजूक तूप असं घातलंय की भांडं धुतलं जाईना. भाकरीचं पीठ दुधात-तुपात मळलेलं आहे. मी डबा उघडून बघितला. हा बाळंतिणीचा खुराक आहे, अहो. अंगावर मांस चढायला देतात."

मी पातेल्यात वाकून बघितलं.

"म्हणजे तुम्ही खरंच चकली खाल्ली नव्हती?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. दुसरं काय करणार?

भाऊबीजेला मी एकटाच गेलो. ताईनं पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी काढली होती. वाकवत नव्हतं तिला, म्हणून रांगोळी एका बाजूलाच होती. नवं लुगडं नेसली होती. ताटात भाकरी, दुधी, आणि शेजारी पेला.

"आधी घोटभर घे," ती म्हणाली, "मग ओवाळते."

"तू घे की आधी. औषधच आहे ना."

"मला तूप नाही सोसत."

"यात तूप आहे होय?"

तिनं निरांजनाची वात उगीच वर काढली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"दाजींच्या साखरेनं."

"हं. तो गाढवपणा त्यांचा. बस खाली. आधी ओवाळून घेऊ दे, मग काय भांडायचंय ते भांड."

मी बसलो. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या.  ओवाळून झाल्यावर ती समोर भिंतीला टेकून बसली.

"ताई, का?"

"आज काय आहे?"

"भाऊबीज."

"यमद्वितीया. मी ओवाळते म्हणजे काय मागते, माहिती आहे तुला? साडी मागते? तुझी ती शाळेच्या सोसायटीतून आणलेली साडी?" तिला धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होती. "तुझं आयुष्य मागते. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मागते. तेव्हा ताट पेलायचं नाही, आई खालून हात लावायची. आणि आता तुला टेबलावर आडवा घालून चिरू देऊ? माझ्यासाठी? मग इतकी वर्षं मी मागत काय होते?"

"डॉक्टर म्हणालेत, धोका कमी आहे."

"कमी म्हणजे आहे. मी विचारलं त्यांना. तू फाईल आणायला गेला होतास तेव्हा. म्हणाले, क्वचित एखादा दगावतो. तो एखादा कुणाचा तरी भाऊच असतो ना?"

"सरळ नाही म्हणायचं होतंस."

"म्हटलं नव्हतं? तू ऐकलंस? ह्यांनी ऐकलं? सगळे मिळून मला समजावायला बसलात. पुण्याहून ती मॅडम फोन करून समजावते. मग माझ्या हातात राहिलं काय? एक चूल राहिली."

बाहेर गल्लीत कुणीतरी लवंगी माळ लावली. ती वाजून संपली.

"तू दरवर्षी माझं आयुष्य मागतेस," मी म्हणालो. "मी तुझं कधी मागायचं? सांग. मी पंचांग बघितलं. भावानं बहिणीचं आयुष्य मागायचा दिवसच त्यात नाही. एक वार नाही, एक तिथी नाही."

ताईनं निरांजन पाटापासून जरा लांब सरकवलं.

"तू म्हणशील तसं करतो. पण असलं असेल तर तुझ्या घरचा घास घेणार नाही. असाच उठतो."

"भाऊबीजेला? उपाशी?" ती एकदम ताठ झाली. तिच्या घरातून कधी वासरूसुद्धा उपाशी गेलं नव्हतं. "रघू, असं करू नये रे."

"मग तुझ्यातलं वाढ."

 ती भिंतीला धरून उठली. आपल्या ताटातला दुधी आणि भात अर्धा काढून माझ्या ताटात घातला, आणि भाकरी, पेला उचलून आत नेला. मोरीत ओतल्याचा आवाज आला. मी जेवायला लागलो. ते उकडलेलं, बिनमिठाचं, पाणचट असं काहीतरी होतं. ताई तीन महिने रोज तेच खात होती. मी घास गिळत होतो आणि ती समोर बसून बघत होती.

"आणखी वाढू?" तिनं विचारलं.

विचारून झाल्यावर आपण काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं. ती हसली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, "वजन किती उतरायला पाहिजे म्हणतात?"

त्यानंतर ताईनं माझे जे हाल केले, तसे आहारतज्ज्ञ मॅडमनाही जमले नसते. माझी भाकरी ती स्वतः तव्यावरून उतरवायची, आणि अर्धी मोडून परत घ्यायची. मालाला निरोप, केतकीला निरोप, शाळेच्या शिपायाला निरोप. मधल्या सुट्टीत मी कँटीनकडे वळलो तर कुंभोजकर सर आडवे यायचे, "ताईंचा फोन आला होता" म्हणून. दिवाळीनंतरचा स्कॅन वाईटच आला होता. डॉक्टरांनी एक महिना दिला. मार्गशीर्षात परत स्कॅन झाला. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"काठावर आहे," ते म्हणाले. "पण जाऊ आपण."

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघांना शेजारी शेजारी ढकलगाडीवर ठेवलं होतं. दोघांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या.

"भ्यायलास?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग बोटं कशाला मोडतोस?" तिनं हात लांब करून माझा हात धरला. "काही खाल्लं नाहीस ना?"

"पाणीसुद्धा नाही."

"शहाणा माझा."

मग मला आत नेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाला भलीमोठी पट्टी होती आणि पायथ्याशी माला होती. मी विचारलं, "ताई कशी आहे?" मालानं माझे पाय दाबायला सुरुवात केली. डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले. पोट उघडल्यावर त्यांना लिव्हर बघूनच शंका आली होती. बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. चरबी स्कॅनमध्ये दिसत होती त्याच्यापेक्षा जास्त निघाली. असं लिव्हर दिलं असतं तर कदाचित दोघंही गेलो असतो. त्यांनी मला परत शिवलं. ताईला अजून भूल द्यायची होती. तिला तशीच खोलीत परत नेलं.

"दिवाळीमुळे झालं का?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "आधीपासूनही असेल."

दुसऱ्या दिवशी दाजी ताईला चाकाच्या खुर्चीतून माझ्या खोलीत घेऊन आले. ती माझ्या पट्टीकडे बघत राहिली.

"उघडून बघितलं म्हणे."

"हो."

"काय दिसलं?"

"तुझं सत्त्व."

दाजींना वाटलं, मी आता असं बोलायला नको होतं. पण ताई हसायला लागली. मीही. पोटाला टाके, हसवत नव्हतं. तिच्याही पोटाला सोसत नव्हतं. दोघंही पोट धरून कण्हत कण्हत हसत होतो, आणि सिस्टर धावत आली.

"बघ ना," जरा थांबल्यावर ताई म्हणाली, "घालायचं ठरवलं ते घातलं गेलं. काढायचं ठरवलं तेव्हा निघालं नाही." मग माझ्या कपाळावरून हात फिरवला. "जेवलास का?"

दुसरा कुणी देणारा मिळाला नाही. ताई संक्रांतीच्या आधी गेली. घरीच गेली, दुपारी. दाजींना वाढ म्हणून मालाला सांगितलं आणि डोळे मिटले. माझ्या पोटावर आडवा व्रण आहे. आत सगळं जागच्या जागी आहे.

तेराव्याला दाजींनी आचारी लावला. अंदाजापेक्षा माणसं फार आली. दळण टाकणाऱ्या बायका आल्या, मीटर बघणारा आला, शाळेचा सगळा स्टाफ आला. पंगतींवर पंगती उठल्या. शेवटच्या पंगतीला अन्न पुरलं नाही. त्या पंगतीत मी बसलो होतो.